अलकेतल्या घराचा पत्ता

कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष मेघाला निरोप सांगतो, पण त्याआधी घराचा पत्ता सांगतो. अलकानगरीत कुबेराचा वाडा आहे, त्याच्या उत्तरेला आपले घर. इंद्रधनुष्यासारखी कमान दुरूनच ओळखू येईल. जवळच एक लहानसा मंदार आहे, फुलांच्या भाराने इतका वाकलेला की घोस हाताला लागतात. आत पाचूच्या पायऱ्यांची बारव. बारवेच्या काठी नीलमण्यांच्या शिखराची क्रीडाटेकडी आणि तिला सोनकेळींचे कुंपण. तिथेच माधवीच्या वेलीचा मांडव, मांडवाशेजारी तांबडा अशोक आणि बकुळ, त्या दोन झाडांच्या मध्ये मोराला बसायला स्फटिकाच्या फळीची सोन्याची दांडी. दाराच्या दोन्ही अंगांना शंख आणि पद्म काढलेले.

एवढ्या माहितीवर कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि ते घर काढून पाहावे. काढता काढता काही गोष्टी अशा हाती लागतात की ज्या नुसत्या वाचनात निसटतात. यक्ष मेघाला सांगतो की, हत्तीच्या पिलाएवढा लहान हो, त्या टेकडीवर बस आणि विजेची बारीकशी नजर घरात टाक. म्हणजे टेकडीवरून घराच्या आतले दिसते. म्हणजेच ती परसाच्या कुठल्यातरी आडकोपऱ्यात नाही, दाराच्या किंवा खिडकीच्या समोर आहे आणि मध्ये भिंत किंवा मोठे झाड आडवे येत नाही. कालिदासाने हे कुठेही सांगितलेले नाही, पण ते धरून चालल्याशिवाय त्याचा श्लोक उभा राहत नाही. पेन्सिल हातात असलेल्या वाचकालाच हे कळते.

मग घर सोडून शहराकडे वळावे, तर हात थबकतो. कुबेराचा वाडा शहराच्या कोणत्या भागात? वेशी किती? रस्ते सरळ की वळणाचे? नगरी कैलासाच्या अंगावर वसली आहे, खाली गंगा आहे, बाहेरच्या बागेत शिवाचा वास आहे आणि त्याच्या माथ्यावरच्या चंद्राने इथले वाडे उजळतात, वैभ्राज नावाचे एक उपवन आहे. शहराविषयी जागेचा म्हणावा असा पुरावा जवळपास इथेच संपतो. घर भरगच्च आणि शहर मोकळे. कवीने असे का केले असेल? विरही माणसाला आपल्या अंगणातली दोन झाडे नेमकी आठवतात, नगराच्या वेशी आठवत नाहीत, हे त्याचे उत्तर असू शकते. आणि तसे असेल तर नकाशातली मोकळी जागा हीसुद्धा काव्याची मांडणीच ठरते.

कथा-कादंबऱ्यांतल्या आणि काव्यांतल्या कल्पित नगरांचे, मजकुरातल्या खुणांवरून नकाशे करणे हा या पुस्तकाचा विषय आहे. मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. रामविजयाची पोथी ऐकताना लंकेतले अशोकवन कुठे आणि रावणाची सभा कुठे, याचा ज्याने त्याने आपल्या मनात एक आराखडा केलेलाच असतो. तो कागदावर उतरवायचा, आणि उतरवताना प्रत्येक रेघेला पोथीतला आधार दाखवायचा, एवढीच या विद्येची अट आहे. अट छोटी आहे. पाळायला मात्र अवघड.

या विद्येत सुरुवातीपासून दोन वेगळे प्रश्न विचारले गेले. एक, हे ठिकाण पृथ्वीवर कुठे आहे? दुसरा, हे ठिकाण त्या ग्रंथात कसे आहे? या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की वाद वाढतात आणि नकाशा बिघडतो.

पहिला प्रश्न जुना. ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस नेमका कुठे कुठे भटकला हे शोधणाऱ्यांना ग्रीक भूगोलवेत्ता एराटोस्थेनिसने दोन हजार वर्षांपूर्वीच खडसावले होते: त्याच्या कथेतली वाऱ्यांची पिशवी शिवणारा कारागीर सापडेल, त्या दिवशी ही ठिकाणेही सापडतील. स्ट्रॅबोने ते नोंदवून ठेवले आहे. तरीही शोध थांबला नाही, आणि थांबायला नको होता, कारण या प्रश्नाने उत्तम संशोधनही घडवले. त्याचा महाराष्ट्रातला सर्वांत चांगला नमुना म्हणजे रामगिरीचा वाद. मेघाची वाट जिथून सुरू होते तो रामगिरी कोणता? टीकाकार मल्लिनाथाने चित्रकूट म्हटले. होरेस हेमन विल्सनने 1813 मध्ये मेघदूताचे इंग्रजी भाषांतर छापले आणि नागपूरजवळच्या रामटेककडे बोट दाखवले. काहींनी सरगुजातला रामगढ पुढे केला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी रामटेकची बाजू ज्या रीतीने लढवली, ती रीत आजही शिकण्यासारखी आहे. काव्य म्हणते की त्या डोंगरावर रघुपतीच्या पावलांचे ठसे आहेत. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीस्वामीच्या पायांपाशी दिल्याचे सांगतो. काव्यातली खूण आणि तांब्यावरची खूण एकमेकींशी जुळतात. मग तिथून मेघाची वाट लावून पाहायची: माळ नावाचे पठार, आम्रकूट, विंध्याच्या पायथ्याशी विखुरलेली रेवा, वेत्रवतीकाठची विदिशा, आडवाट करून उज्जयिनी, गंभीरा, देवगिरी, चर्मण्वती, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल. दिशा जुळते, क्रम जुळतो. एका ठिकाणाचा निर्णय करताना सबंध वाट तपासायची, हा धडा मिराशींकडून घ्यावा.

पण कनखलच्या पुढे, क्रौंचरंध्रातून पलीकडे गेले की हीच रीत चालत नाही. रामटेकच्या टेकडीवर आज माणूस चढून जाऊ शकतो, पण अलकेला जाणारी पायवाट नाही. पूर्वमेघ या पहिल्या भागाला पृथ्वीचा नकाशा लागतो, उत्तरमेघ या दुसऱ्या भागाला ग्रंथाचा. एकाच काव्यात हे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी असल्यामुळेच या पुस्तकाची सुरुवात मेघदूतापासून झाली आहे.

लंकेच्या बाबतीत मात्र पहिल्या प्रश्नाने दुसऱ्यावर कुरघोडी केली. इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी रावणाची लंका अमरकंटकच्या परिसरात असल्याचे आग्रहाने मांडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी 1973 च्या आपल्या पुस्तकात ती मध्य भारताच्या पूर्व भागात शोधली. सांकलियांचा एक पुरावा झाडांचा होता. रामायणातल्या वर्णनांत शालवृक्ष सारखे येतात आणि सालाची राने तर मध्य आणि पूर्व भारतातली. खुणा वाचण्याचा हा प्रकार फार तीक्ष्ण आहे, त्याचे मोल कमी लेखू नये. अडचण पुढची आहे. लंका मध्य भारतात आणली की शंभर योजने समुद्राचे मोठे तळे करावे लागते, सेतूचा बांध करावा लागतो, हनुमंताचे उड्डाण आखूड करावे लागते. जागा सापडावी म्हणून कवीनेच दिलेला पुरावा मोडावा लागतो. वाल्मीकीच्या ग्रंथात लंका समुद्रापलीकडच्या त्रिकूट पर्वतावर आहे आणि तिच्या चार वेशींवर चार दिशांना सैन्याची वाटणी झालेली आहे. युद्धकांडात तिचा विस्तार दहा योजने रुंद आणि वीस योजने लांब दिला आहे, तर उत्तरकांडात तीस आणि शंभर. दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यासक हे आकडे जुळवत बसत नाही. तो दोन नकाशे काढतो आणि दोन्हीखाली कांडाचे नाव लिहितो.

आपल्याकडे या विद्येचा एक ग्रंथ सातशे वर्षांच्या आसपास जुना आहे, ही गोष्ट नवख्या वाचकाला सांगायलाच हवी. म्हाइंभटाच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लीळा प्रसंगाप्रसंगाने आल्या आहेत. त्या कुठे घडल्या हे पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून महानुभावांनी स्थानपोथी तयार केली. ती गावागावाने जाते. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, देऊळ कोणत्या तोंडाचे, स्वामी कुठल्या अंगाला बसले, तिथून दुसरे स्थान कोणत्या दिशेला, अशा नोंदी. स्थळे खरी आहेत, त्यामुळे ही कल्पित नगराची गोष्ट नाही. पण एका ग्रंथाची संगत करायला दुसरा ग्रंथ रचायचा आणि त्यात निव्वळ दिशा, अंतरे, दारे आणि देवळे ठेवायची, ही कल्पना आजच्या साहित्यिक नकाशाच्या अगदी जवळची आहे. वि. भि. कोलते यांनी स्थानपोथीचे संपादन केले. अमेरिकन अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी 2003 मधल्या आपल्या पुस्तकात महाराष्ट्रातली ठिकाणे यात्रांनी, नद्यांनी आणि कथांनी एकमेकांशी कशी जोडली जातात हे दाखवताना महानुभावांच्या या स्थळप्रेमाचा विचार केला आहे. जाता जाता एक योगायोग: रामगिरीचा पुरावा देणारा ताम्रपट ज्या रिद्धपूरचा, तेच गाव गोविंदप्रभूंचे, महानुभावांच्या स्थळांमधले अत्यंत महत्त्वाचे.

दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे ग्रंथातले नगर ग्रंथातल्यासारखे काढण्याची, आधुनिक शाळा कादंबरीबरोबर वाढली. तिच्या आरंभी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची एक हकिकत आहे. 1881 मध्ये त्याने खजिन्याच्या बेटाचा नकाशा आधी काढला आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ लिहिले. पुस्तकासाठी पाठवलेला तो नकाशा प्रकाशकाकडे पोचलाच नाही. तेव्हा त्याला स्वतःचेच पुस्तक पहिल्यापासून वाचून बेटाविषयीचा एकेक उल्लेख टिपावा लागला आणि त्या उल्लेखांना जुळेल असा नवा नकाशा बेतावा लागला. तो छापला गेला, पण स्टीव्हन्सनच्या लेखी तो खरा नकाशा कधीच झाला नाही. लेखकालाही आपल्या पुस्तकापुढे वाचक होऊन बसावे लागले, असा हा प्रसंग. खुणांवरून नकाशा करण्यातली सगळी मेहनत आणि सगळी हळहळ त्यात आहे.

शंभर वर्षांनी, 1981 मध्ये, केरन विन फॉनस्टॅड यांनी टॉल्किनच्या मध्य-पृथ्वीचा ॲटलास प्रसिद्ध केला. त्या भूगोलाच्या विद्यार्थिनी होत्या. टॉल्किनने आपल्या कथेच्या तारखा आणि चंद्राच्या कलासुद्धा जपल्या होत्या, त्यामुळे कोण किती दिवसांत किती चालले याचा हिशेब बसतो. फॉनस्टॅड यांनी तो बसवला. त्यातले मिनास तिरिथ हे शहर नवशिक्याने सरावासाठी घ्यावे. डोंगराच्या अंगावर एकावर एक सात वेढे, प्रत्येकाला तट आणि तटाला दरवाजा. सर्वांत खालचा दरवाजा पूर्वेला, त्यावरचा थोडा दक्षिणेकडे सरकलेला, तिसरा उत्तरेकडे, असे आळीपाळीने. म्हणून वर चढणारा रस्ता नागमोडी जातो आणि शत्रूला सरळ घुसता येत नाही. चार वाक्यांतल्या या माहितीवर शहराचा आराखडा उभा राहतो. टॉल्किनची ही कथा आता मराठीतही आली आहे, त्यामुळे हा सराव करायला इंग्रजीची अडचण नाही.

टेरी प्रॅचेटच्या अँख-मॉर्पॉर्क या अद्भुतनगरीची कथा निराळी. आपल्या डिस्कवर्ल्डचा नकाशा होणे नाही, असे प्रॅचेट आधी सांगत असे. नाट्यवेडा सरकारी कर्मचारी स्टीफन ब्रिग्ज याने एकामागून एक कादंबऱ्या चाळून रस्ते, पूल, गल्ल्या, देवळे, कोण कुठून कुठे धावत गेले आणि वाटेत काय ओलांडले, हे सगळे गोळा केले. दहा वर्षांत लिहिल्या गेलेल्या, नकाशा समोर न ठेवता रचलेल्या प्रसंगांतून एक नांदते शहर निघाले. मधून घाण नदी, एका तीरावर श्रीमंतांचे अँख, दुसऱ्या तीरावर मॉर्पॉर्क. चित्रकार स्टीफन प्लेअर याने ते रेखाटले आणि 1993 मध्ये तो नकाशा प्रॅचेटच्या संमतीने आणि सहभागाने बाहेर आला. 2012 मध्ये त्याची रस्त्यांच्या सूचीसह मोठी आवृत्ती निघाली. विस्कळीत वाटणाऱ्या मजकुराखालीही एक सुसंगत नगर असू शकते, हे ब्रिग्जने सिद्ध केले. असे नगर लेखकाच्या मनात जाणतेपणी असतेच असे नाही. शहरात वाढलेल्या माणसाला बाजार कुठे असतो, गरिबांची वस्ती नदीच्या कोणत्या बाजूला ढकलली जाते, कातडी कमावण्याचे काम वाऱ्याच्या कोणत्या दिशेला ठेवतात, याची जाण असते. ती जाण न सांगता लिखाणात उतरते.

भारतात या रीतीचा मान मालगुडीला मिळाला. आर. के. नारायण यांनी 1935 च्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’पासून पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्या गावाच्या गोष्टी सांगितल्या. शरयू नदी, मेम्पीचे डोंगर, मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, लॉली एक्स्टेन्शन, नल्लप्पाची राई. जेम्स फेनेली या अमेरिकन अभ्यासकाने या उल्लेखांवरून मालगुडीचा नकाशा मांडला आणि गावाच्या रचनेत त्याला हिंदू विश्वरचनेचा आकार दिसला. निष्कर्ष पटो न पटो, नकाशा उपयोगी आहे. पण मालगुडी एक ठिकाण असले तरी एक काळ नाही. स्वातंत्र्यानंतर नगरपालिका रस्त्यांची नावे बदलत सुटते आणि महात्मा गांधी रोड एकाहून अधिक होतात, पत्रे भलत्याच दारी जातात, अशी नारायण यांचीच एक गोष्ट आहे. त्या गोष्टीच्या आधीचा नकाशा आणि नंतरचा नकाशा एकच कसा असेल? औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झालेले पाहिलेल्या आजच्या मराठवाड्याच्या वाचकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी एक शाळा आहे, मोजणाऱ्यांची. इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती यांचा युरोपीय कादंबरीचा ॲटलास 1998 मध्ये इंग्रजीत आला. एका नगराचा सुबक नकाशा करण्यात त्यांना रस नव्हता. अनेक कादंबऱ्यांतले नायक कुठे जन्मतात, खलनायक कुठून येतात, लग्ने कोणत्या भागात होतात, हे ठिपक्यांनी मांडले तर एका वेळी एका पुस्तकात न दिसणारे काही दिसते का, हा त्यांचा प्रश्न. झुरिकला बार्बरा पियात्ती यांच्या पुढाकाराने झालेल्या साहित्यिक ॲटलासच्या कामात आणखी एका गोष्टीवर भर होता: साहित्यातले ठिकाण धूसर असते, तर नकाशावर ते धूसरच कसे दाखवायचे? ठाम ठिपका देणे म्हणजे लेखकाने न दिलेली खात्री आपण देणे. या शाळेकडून घेण्यासारखी गोष्ट हीच, आणि या पुस्तकाने ती मनापासून घेतली आहे.

नकाशा होत नाही अशीही नगरे आहेत. टॉमस मोरचे युटोपिया हे बेट मधोमध दोनशे मैल रुंद आहे आणि त्याचा घेर पाचशे मैलांचा आहे, असे 1516 चे पुस्तक सांगते. दोनशे मैल व्यासाच्या वर्तुळाचाच परीघ सव्वासहाशे मैलांच्या वर जातो, मग चंद्रकोरीच्या आकाराचे बेट पाचशेत कसे मावेल? मयसभेचे तर सौंदर्यच असे की दुर्योधनाला जमीन पाणी वाटते आणि पाणी जमीन वाटते. तिथे दुर्योधनाला दिसलेली सभा आणि प्रत्यक्षातली सभा असे दोन नकाशे करावे लागतील, आणि कथेला गरज आहे ती पहिल्याची. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तला प्रवास नकाशाच्या वाटेला सहजासहजी येत नाही. पण ‘पिंगळावेळ’मधल्या ‘स्वामी’ या कथेला वेगळा उपाय चालतो. मठातल्या जमिनीखालच्या खोलीत कोंडलेल्या माणसासाठी आजूबाजूचा मुलूख उरलेलाच नाही, उरले आहे ते वर आणि खाली. तिथे वरून पाहिलेला आराखडा निरुपयोगी, उभा छेद काढावा लागतो. छेद काढला की कथेतला सगळा श्वास त्या एका झरोक्याशी कसा बांधला आहे ते दिसते. जुन्या मराठी अद्भुतरम्य कादंबऱ्यांकडे, हळब्यांची ‘मुक्तामाला’ (1861), रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (1868), नाथमाधवांचा ‘वीरधवल’ (1913), या दृष्टीने फारसे कोणी वळलेले नाही. त्यांतल्या भुयारांचे आणि गुप्त दारांचे छेद काढण्याचे काम कोणी तरुणाने हाती घ्यावे असे मनापासून वाटते.

हे पुस्तक वडवणीत तयार झाले, याचा त्याच्या रीतीशी संबंध आहे. बीड-परळी रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. बालाघाटाच्या डोंगररांगांनी वेढलेल्या या भागात पत्ता अजूनही बोलून सांगितला जातो. मारुतीच्या पारापासून मावळतीला, पांदणीने खाली, ओढा ओलांडला की वरल्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. यातल्या प्रत्येक शब्दात बोलणाऱ्याची जागा लपलेली असते. ‘खाली’ म्हणजे उताराकडे, ‘वरला अंग’ म्हणजे चढाचा. यक्षाचा पत्ताही असाच आहे, कुबेराचा वाडा धरून सांगितलेला. फोनवरच्या नकाशात आपण कायम मध्यभागी निळा ठिपका होऊन असतो आणि रस्ता आपल्याभोवती फिरतो. दुसऱ्याच्या तोंडच्या खुणा ऐकून मनात जागा उभी करण्याची सवय त्यामुळे कमी होत चालली आहे. कादंबरी वाचायला तीच सवय लागते.

आणखी एक कारण या मातीतले आहे. दिवाळीच्या आगेमागे इथल्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. कारखान्याजवळ कोप्यांची वस्ती उभी राहते, हंगाम संपून पट्टा पडला की मोडते. ती कुठल्याच गाव नकाशावर नसते. पाणी कुठून आणायचे, बैल कुठे बांधायचे, कोणाची कोपी कोणाच्या शेजारी, कारखान्याचा भोंगा कोणत्या दिशेने ऐकू येतो, हे सगळे परत आलेल्यांच्या बोलण्यात असते. गावी आजी-आजोबांपाशी राहिलेली मुले ती वस्ती निव्वळ ऐकून उभी करतात. शेजारच्या माजलगावला सिंदफणेवरचे धरण झाले तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांचेही तसेच. गावठाणाची जुनी मोजणी कागदावर सापडेल, पण कुठल्या ओट्यावर संध्याकाळी बायका बसत आणि कुठल्या वळणावर अंधाराची भीती वाटे, हे म्हाताऱ्यांच्या सांगण्यातच उरले आहे. अलकेचा नकाशा करताना जी शिस्त लागते, तीच शिस्त या वस्त्यांसाठी लागते: सांगणाऱ्याने जेवढे सांगितले तेवढेच ठळक काढायचे. कल्पित नगरावर हात बसवून घेतला तर या कामात चुका कमी होतील, आणि हे काम थांबण्यासारखे नाही, कारण सांगणारी माणसे थकत चालली आहेत.

पुस्तकाने पाळलेले नियम थोडेच आहेत, पण कडक आहेत. मजकूर स्पष्ट सांगतो तिथे सलग रेघ. दोन खुणांवरून अनुमान काढावे लागले तिथे तुटक रेघ, आणि समासात त्या दोन्ही खुणा. मजकूर गप्प आहे तिथे कागद कोरा. कोरी जागा झाडांनी, घरांनी किंवा नक्षीने भरलेली नाही, कितीही मोह झाला तरी. नकाशे पाहताना काहींना ते अपुरे वाटतील. त्या अपुरेपणात लेखकाची निवड दिसते, म्हणून तो राखला आहे.

दुसरा नियम भूकरमापकाच्या कामातून आला. मोजणी करणारा आधी हललेली नाही अशी निशाणी शोधतो आणि तिथून मोजत जातो. इथेही प्रत्येक नगरात आधी दोन अशी ठिकाणे धरली आहेत की ज्यांचे परस्परांतले नाते मजकुराने एकदा सांगून पुढे मोडलेले नाही. बाकी सगळे त्यांच्यापासून बसवत नेले आहे. अंतराच्या आकड्यापेक्षा चालण्याच्या वेळेला जास्त वजन दिले आहे, कारण योजने आणि कोस कवी सैल हाताने देतात, पण सूर्य मावळायच्या आत पोचणे कथेच्या गरजेने आलेले असते. दिसणे आणि ऐकू येणे या खुणांना त्याहून वरचा मान आहे. कोणी गच्चीवरून काही पाहिले, तटापलीकडची नौबत कोणाला ऐकू आली, तर मधली जागा किती आणि कशी असली पाहिजे याला बंधन पडते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: एका ग्रंथाची खूण दुसऱ्या ग्रंथाच्या नकाशात वापरायची नाही. वाल्मीकीची लंका, एकनाथांच्या भावार्थ रामायणातली लंका आणि श्रीधरांच्या रामविजयातली लंका या तीन नगरी आहेत. त्यांची नावे सारखी, वेशी कदाचित सारख्या, पण सोळाव्या शतकात पैठणला बसून लिहिणाऱ्याच्या लंकेत पैठणचा बाजार शिरतो की नाही, हे त्या वेगळ्या ठेवल्याशिवाय तपासताच येणार नाही. तिन्हींचे मिळून एक भव्य चित्र करणे सोपे होते आणि विक्रीलाही बरे पडले असते. लेखकांनी ते टाळले, याबद्दल त्यांचे अभिनंदन करावेसे वाटते.

आज संगणकाला चार ओळी सांगितल्या की तो कोणत्याही काल्पनिक शहराचे झगमगीत चित्र क्षणात देतो. त्या चित्रात कोरी जागा नसते आणि कोणती रेघ कुठून आली हे विचारता येत नाही. मराठीत अद्भुत कथा लिहिणारी नवी मुले आहेत, संगणकावरचे खेळ रचणारी आहेत, आणि त्यांना आपापल्या नगरी उभ्या करायच्या आहेत. त्यांच्यासाठी या पुस्तकाचा उपयोग उलट्या दिशेने आहे. आपल्या वाचकाला किती खुणा द्याव्यात, कोणत्या गाळाव्यात, घर भरगच्च ठेवून शहर मोकळे सोडण्याचे धाडस कधी करावे, हे त्यांना अलकेवरून आणि मिनास तिरिथवरून शिकता येईल.

वाचताना एक क्रम सांभाळावा, अशी विनंती आहे. प्रत्येक नगराला आधी उताऱ्यांचा गोषवारा, मग खुणांचा तक्ता आणि शेवटी नकाशा अशी मांडणी आहे. जमेल त्याने तक्त्यानंतर थांबून स्वतःचा नकाशा काढावा आणि मगच पान उलटावे. छापलेला नकाशा आधी पाहिला की डोळ्यांवर त्याचेच दडपण येते आणि मजकुरातल्या विसंगती दिसेनाशा होतात. दोन नकाशे वेगळे निघाले तर तक्त्यातली कोणती खूण दोघांनी वेगळी वाचली ते शोधावे. लंकेच्या दक्षिण वेशीबाबत आणि अलकेतल्या बारवेच्या जागेबाबत असे मतभेद होतील असा अंदाज आहे, आणि त्या दोन्ही ठिकाणी समासात मुद्दाम जास्त जागा सोडली आहे.

वडवणी, जि. बीड